गोठा आणि उंबरठा

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या रोखाने निघालेली लोकल पहिल्याने थांबते ती विठ्ठलवाडीस. सभोवार कल्याण पूर्वेची दाट वस्ती, उल्हासनगरच्या कारखानदारीची पत्र्याची छपरे, एस.टी.चे आगार, आणि अंबरनाथच्या शिवालयापाशी अजून थोडीफार नदीसारखी दिसणारी, पण इथवर येईतो नाल्याच्या योग्यतेला पोहोचलेली वालधुनी, एवढा सरंजाम पाहणाऱ्यास या मुलखात एके काळी माणसांइतकाच गुरांचाही राबता होता असे सांगितले तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. या प्रदेशाचा इतिहास सांगणारे विद्वान शके ९८२ मधल्या अंबरनाथच्या शिलालेखापासून आरंभ करतात, १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण घेतले तेथे क्षणभर विसावतात, आणि १ मे १८५४ रोजी कल्याणास पोहोचलेली आगगाडी दोन वर्षांत खोपोलीपर्यंत कशी गेली हे सांगून आधुनिक काळात उतरतात. गोठ्याची दखल त्यांच्या दफ्तरात फारशी नाही, आणि गोठ्याच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलाची तर मुळीच नाही. तथापि लहान मूल आणि दुभते जनावर यांनी एकमेकांच्या किती जवळ राहावे, एकाच्या अंगचा रोग दुसऱ्यास केव्हा लागतो, आणि तो लागू नये म्हणून मधली मर्यादा कोणी आणि कोठे घालावी, हा प्रश्न राज्ये येण्याजाण्याहून जुना आहे, आणि शाळेची सहल शेतावर नेणाऱ्या मास्तरांपुढे तो आजही तसाच उभा आहे.

जुन्या महसुली परिभाषेत मौज्याचे दोन भाग पडत: वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. त्यांच्या कडेला गुरांच्या चराईचे गायरान असे, आणि दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणाऱ्या चुकार जनावरासाठी कोंडवाडा असे, ज्याला इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने रीतसर रूप आले. कागदावर माणूस, पीक आणि जनावर यांची अशी सुबक वाटणी झालेली असली, तरी ठाणे जिल्ह्यातल्या कुणब्याच्या किंवा आगऱ्याच्या घरात ती पाळली जात नसे. पावसाळ्याचे चार महिने छप्पर एकच, आणि त्या छपराखाली कुडाच्या भिंतीच्या एका अंगास चूल व दुसऱ्या अंगास दावण. मूल रांगू लागे ते शेणाने सारवलेल्या भुईवर. चालू लागले की त्याच्या हाती शेण गोळा करायची टोपली येई. शेणी थापणाऱ्या आजीशेजारी बसून तेही आपली चिमुकली शेणी थापी. आणि सातआठ वर्षांचे झाले की काठी घेऊन गुरांमागे रानात जाई. असे मूल गोठ्याला भेट देण्यास येत नसे, ते तेथलेच असे.

संसर्ग म्हणून जे आज आपण ओळखतो त्याची कल्पना त्या घराला नव्हती, पण आचार होते, आणि ते इतके मुरलेले होते की त्यांचे कारण विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. दाराबाहेर एक सपाट दगड आणि त्याच्याजवळ पाण्याचे भांडे. गुरे बांधून परतलेला माणूस त्या दगडावर उभा राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घाशी, तांब्याभर पाणी पायांवर ओती, मग चूळ भरी, आणि नंतरच उंबरठा ओलांडी. धार काढण्याआधी गाईची कास धुतली जाई. चरवी राखेने घासून उन्हात पालथी घातली जाई. जेवणापूर्वी हात धुवायचे, आणि ते वाहत्या पाण्याखाली, भांड्यात बुडवून नव्हे, हे तर पोरासोरांनाही ठाऊक असे. राखेतला क्षार चिकटा काढतो, घासण्याने मळ सुटतो, पाण्याच्या धारेबरोबर तो वाहून जातो, आणि ऊन सूक्ष्म जंतूंना मानवत नाही. म्हणजे वैद्यकशास्त्राने पुढे जे कारणांसह सांगितले ते येथे कारणांवाचून चालू होते. उंबरठा ही त्या घरातली रोगप्रतिबंधाची रेषा होती, मग तिच्यावर हळदकुंकू वाहणाऱ्या गृहिणीने तिला ते नाव दिलेले असो वा नसो.

परंतु आपल्या पूर्वजांना सर्व काही आधीच माहीत होते असा जो एक सोयीस्कर सूर हल्ली ऐकू येतो त्याला येथेच थांबवले पाहिजे, कारण त्याच घरात, त्याच गोठ्यातून, मुलाच्या जिवावर बेतणारा एक आचारही येत होता. देशाच्या पुष्कळ भागांत नवजात बालकाची नाळ घरच्या विळ्याने कापून जखमेवर राख किंवा गाईचे शेण लावीत. धनुर्वाताच्या जंतूची बीजे मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत वर्षानुवर्षे जीव धरून राहतात, आणि नाळेच्या ओल्या जखमेइतकी अनुकूल जागा त्यांना दुसरी मिळत नाही. जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून पंधरवड्याच्या आत मूल अंगावर ओढेनासे होते, जबडा मिटतो, पाठीची कमान होते. आणि नेमक्या याच दिवसांच्या धास्तीत पाचवी पुजून, सटवाईला हात जोडून, आई जागरण करीत बसे. जंतू ओळखला गेला तो १८८४ साली, आणि किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने तो १८८९ साली वेगळा करून दाखवला. गर्भवतीला टोचण्याची लस, स्वच्छ पाते आणि प्रसूतिगृह ही त्रयी खेड्यापाड्यांत पोहोचायला मात्र आणखी जवळजवळ एक शतक लागले, आणि माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचा निर्वाळा भारताला मिळाला तो २०१५ साली.

विठ्ठलवाडीपासून हाकेच्या अंतरावर, कल्याणात, ३१ मार्च १८६५ रोजी जोश्यांच्या घरी जन्मलेल्या यमुनेचे चरित्र या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. हीच पुढे आनंदीबाई जोशी झाली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने तिचा अंत झाला. कल्याणच्या बाळंतिणीच्या खोलीतून निघून फिलाडेल्फियापर्यंत गेलेली ही एकच मुलगी आपल्या घरातले आचार परक्या भूमीवरून, शास्त्राच्या उजेडात, तपासून पाहू शकली. तिला आणखी वीस वर्षे आयुष्य लाभते तर या लेखातला बराचसा मजकूर तिनेच अधिक अधिकाराने लिहून ठेवला असता असे मला वाटते.

उंबरठ्याची आणखी एक बाजू सांगितल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेलेले जनावर ओढून नेण्याचे, त्याचे कातडे सोडवण्याचे काम ज्यांच्या माथी गावगाड्याने मारले होते त्यांना फाशीसारख्या, म्हणजे अँथ्रॅक्ससारख्या, रोगाचा धोका सर्वांत जास्त, आणि हातपाय धुण्यासाठी गावाच्या विहिरीचे पाणी मात्र त्यांनाच वर्ज्य. सोवळ्याच्या नियमाने ज्याचे घर राखले त्याचे राखले. ज्याला रेषेबाहेर ठेवले त्याच्या मुलाचे रक्षण करणे हे त्या नियमाच्या हिशेबातच नव्हते.

गाईपासून मुलाला अपाय होतो ही कल्पना आपल्याकडे नवी. गाईमुळे मुलाचे कल्याण होते ही जुनी, आणि तिचा सण आश्विन वद्य द्वादशीस येतो. वसुबारसेच्या दिवशी मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आई उपास करते, सायंकाळी सवत्स धेनूची पूजा होते, त्या दिवशी दूधतुपाला शिवत नाहीत, आणि बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी यांवर उपास सुटतो. घरी दावण होती तोवर हा विधी परसदारी उरकत असे. दावण गेली तेव्हा शहरातल्या स्त्रिया ताट आणि मुले घेऊन गवळ्याच्या गोठ्याशी जाऊ लागल्या, आणि आजही जातात. माझ्या मते शहरी मराठी मुलाची शेतभेट म्हणायची ती मूळची हीच. रांगेत उभे राहून मूल कंटाळते, पुढे सरकून गाईच्या गळ्याची लोंबती पोळी खाजवते, वासरू खरखरीत जिभेने त्याचा तळवा चाटते, मूल खिदळते, आणि निरांजन ओवाळून होताच आई त्याच तळव्यावर गूळखोबरे ठेवते. घरच्या परसात हा प्रसंग घडला असता तर माजघराच्या वाटेवर पाण्याचे भांडे आडवे आले असते. गोठ्यापासून रिक्षापर्यंतच्या वाटेवर ते येत नाही.

गाय मुलाचे रक्षण करते ही श्रद्धा अक्षरशः खरी ठरण्याचा योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच मुंबई इलाख्यात आला. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये, धार काढताना गाईच्या आचळावरच्या फोडांचा संसर्ग होऊन ज्या गवळणींच्या हाताला फोड येतात त्यांना देवी येत नाहीत, अशी लोकसमजूत होती. तिचा पडताळा एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या माळ्याच्या मुलावर घेतला. गोठ्यातल्या संसर्गाने मोठा संसर्ग अडवता येतो हा तो शोध. त्यातून निघालेली लस हिंदुस्थानात आणण्याचे प्रयत्न लांबच्या समुद्रप्रवासात तिचा जोर ओसरल्यामुळे फसत होते; शेवटी ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला मारीत मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तिच्या बाहूवरच्या फोडातील द्रव घेऊन दुसऱ्यांना, त्यांच्यापासून तिसऱ्यांना, अशी ही साखळी पुणे, सुरत, हैदराबाद करीत देशभर पसरली. आज हे वाचताना अंगावर काटा येतो तो यासाठी की या साखळीचा प्रत्येक दुवा म्हणजे एक लहान मूल होते. बर्फाची पेटी नव्हती म्हणून लेकरांचे दंड हीच लस वाहून नेण्याची भांडी झाली.

बाहूतून बाहूकडे जाणाऱ्या या पद्धतीत एका मुलाचा दुसरा रोगही लसीबरोबर प्रवास करी, आणि अन्य जातीच्या मुलाच्या अंगचा द्रव आपल्या लेकराला नको हाही आक्षेप असे. दोन्ही अडचणींवर उतारा निघाला तो पुन्हा गोठ्यातच: वासराच्या पोटाचे केस भादरून तेथे लस टोचायची आणि उठलेल्या फोडांतून नवी लस खरवडून घ्यायची. बेळगावच्या लसनिर्मिती संस्थेत हे काम पुढे दीर्घकाळ चालले. मुंबई शहरासाठी १८७७ साली आणि जिल्ह्यांसाठी १८९२ साली टोचणीचे कायदे झाले. आणि देवी काढणारा आला म्हणताच पोरे माळ्यावर, कणगीआड, शेतात कशी दडत याच्या हकीकती ज्यांच्या आजोबांनी सांगितल्या नाहीत असे मराठी घर विरळा. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

दुधाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. आपल्याकडे दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या. एक धारोष्ण दुधाची: भावप्रकाशासारख्या ग्रंथांनी त्याला अमृताची जोड दिली, आणि पहाटे तालमीतून घामाघूम येणारा पोरगा पेला घेऊन थेट कासेशी बसला म्हणजे घरच्यांना धन्यता वाटे. दुसरी तापवलेल्या दुधाची: कोकणपट्टीच्या दमट हवेत सकाळचे दूध दुपारपर्यंत नासू नये म्हणून गृहिणी ते उकळून मंद निखाऱ्यांवर ठेवून देई, आणि साय धरली की झाकण सारी. पहिल्या परंपरेला शास्त्राधार होता, दुसरीला केवळ गरज. पण लेकरे जगवली ती दुसरीने. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली दाखवून दिला हे खरे, पण १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्याच कॉखने, गाईच्या क्षयापासून माणसाला जवळजवळ भय नाही, असे ठासून सांगितले. ब्रिटिश सरकारने त्यावर आयोग नेमला. आयोगाने दहा वर्षे प्रयोग केले. आणि १९११ च्या अहवालात असा निष्कर्ष दिला की रोगी गाईच्या दुधातून माणसाला, त्यातही मुलांना, क्षय होतो. आमच्या चुलीजवळच्या बायांनी या अहवालाची वाट पाहिली नाही हे फार बरे झाले. माल्टा तापाचा जंतू तर माल्टा बेटावर शेळीच्या कच्च्या दुधात १९०५ साली सापडला, आणि तोही उकळीपुढे टिकत नाही.

येथवरचा इतिहास हा गोठ्याच्या घरात राहणाऱ्या मुलाचा. विठ्ठलवाडीच्या परिसरात त्याची अखेर दुसऱ्या महायुद्धाने केली. कल्याणलगतचा मोठा टापू लष्कराने छावणीसाठी घेतला. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि सिंधमधून निर्वासित झालेल्या लाखाच्या आसपास माणसांना त्या ओसाड बराकींत आणून सोडण्यात आले. कल्याण कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. येणाऱ्यांनी आपल्या पेटीबासनांतून मुलांच्या रोगांचे दैवतही बरोबर आणले होते: थदडीच्या दिवशी सिंधी घरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात, आणि शीतलेला पोराबाळांसाठी विनवतात. श्रावणात शीतलासप्तमी पाळणाऱ्या मराठी शेजारणीला हे दैवत परके वाटण्याचे कारण नव्हते. गायरान मात्र उरले नाही. बराकीतल्या आणि पुढे चाळीतल्या मुलाला दूध मिळे ते भांड्यात, मग बाटलीत, मग पिशवीत. आणि ते देणारी म्हैस त्याने पाहिली तर ती तबेल्यात कोंडलेली.

आणि नेमके त्याच १९४९ साली, मुंबईच्या गल्लीबोळांतले तबेले शहराबाहेर काढण्यासाठी, दारा खुरोडी यांच्या कल्पकतेतून गोरेगावच्या टेकड्यांवर आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी तेथे रोपटे लावले. निर्जंतुक केलेले बाटलीतले दूध घराघरांत जाऊ लागले ही या योजनेची थोरवी. परंतु तिचे एक फलित असेही की शहराने जनावर दृष्टीआड करताच ते प्रेक्षणीय झाले. मुंबईठाण्याच्या शाळांच्या सहली आरेला जाऊ लागल्या. पहिल्यांदाच मूल गोठ्यात पाहुणे म्हणून आले, आणि येताना घरचा दगड, भांडे, राख आणि आजीचा दटावणीचा सूर यांपैकी काहीही त्याच्याबरोबर आले नाही.

मुलांना जनावरांपासून तोडण्याऐवजी आचारच त्यांच्यामागे रानात नेण्याचा एक प्रयोग मात्र याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो, त्या काळी चालू होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळले. गुरे राखणारी आदिवासी पोरे शाळेत येईनात, तेव्हा शाळाच गुरांपाठोपाठ कुरणात गेली; तिला कुरणशाळा असे नाव पडले. या दोघींच्या अंगणवाडीत अक्षरओळख नंतर येई. आधी अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, हात धुणे. मुलाने गुरांना शिवू नये असे त्या म्हणाल्या नाहीत, कारण ते म्हणण्यात अर्थ नव्हता. शिवल्यानंतर काय करायचे ते त्यांनी खेळात, गाण्यात बसवले. अंगणवाडी हे नाव १९७५ च्या सरकारी योजनेने देशभर नेले, कुरणशाळा मात्र कोसबाडातच राहिली, याचा विषाद वाटतो.

शतक पालटताना शेतभेटीचा धंदा झाला. पांडुरंग तावरे यांनी बारामतीच्या बाजूस कृषिपर्यटनाची चळवळ उभारली, २०२० मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले, आणि बदलापूर, मुरबाड, कर्जतच्या अंगाला चुलीवरचे जेवण, बैलगाडी आणि शेळीचे करडू उचलून घेण्याची मुभा देणाऱ्या शेतवाड्या निघाल्या. पाहुण्या मुलाला गोठ्यात काय होऊ शकते याचा धडा मात्र विलायतेत मिळाला. २००९ च्या ऑगस्ट–सप्टेंबरात इंग्लंडच्या सरे परगण्यातील गॉडस्टोन येथील शेतात, जेथे मुलांना जनावरे कुरवाळू देत, ई कोलाय जंतूच्या ओ १५७ या जातीने ९३ जणांना ग्रासले. त्यांत बहुतेक दहा वर्षांखालची मुले होती, आणि १७ जणांच्या मूत्रपिंडांपर्यंत रोग पोचला. या जंतूचा विशेष असा की गुरे-मेंढ्यांच्या आतड्यात तो सुखाने राहतो, जनावर धडधाकट दिसते, आणि मुलाला आजारी पाडायला शंभराहूनही कमी जंतू पुरतात. चौकशी समितीने पुढच्या वर्षी जे सांगितले ते कोणाही जाणत्या गवळ्याने मान्य करावे असे होते: हात धुण्याची सोय आवश्यक, पण केवळ तिच्यावर भिस्त ठेवून भागणार नाही, मुलाचा आणि शेणाचा संबंधच येऊ नये अशी वाट, कुंपण आणि गव्हाण यांची मांडणी हवी. बाटलीतले अल्कोहोलचे द्रावण तळव्यावर चोळले म्हणजे झाले, हा जो समज कोरोनाच्या साथीच्या वर्षांनी आपल्या अंगी बाणवला आहे तो गोठ्यात उपयोगाचा नाही. शेणामातीने माखलेल्या हातावर ते द्रावण नीट काम करीत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते.

यावर एक प्रश्न हमखास येतो: आमचे आजोबा शेणात लोळून वाढले, त्यांना काय झाले? त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. त्यांच्या ज्या भावंडांना काही झाले ती सांगायला उरली नाहीत, हा पहिला. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. एरिका फॉन म्युटियस यांच्यासारख्या संशोधकांनी आल्प्सच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी आढळते असे दाखवले आहे, आणि अमेरिकेतल्या आमिश मुलांसंबंधी २०१६ साली असाच अनुभव प्रसिद्ध झाला. पण तो लाभ पाळण्यापासून रोज गोठ्याची धूळ श्वासात घेणाऱ्या मुलाचा. वर्षाकाठी एक दिवस येणाऱ्या पाहुण्याच्या पदरात त्या सहवासाची पुण्याई पडत नाही, धोका मात्र पुरता पडतो.

या गोष्टीत ऋतूचाही भाग आहे. मराठी शाळांच्या सहली पूर्वापार मार्गशीर्ष–पौषात निघत, हुरड्याचे दिवसही तेच, आणि वसुबारस पाऊस सरल्यावर येते. हा केवळ सोयीचा भाग असला तरी त्यात मुलांचे भले होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे जे रुग्ण दाखल झाले त्यांनी उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेले साचलेले पाणी म्हणजे काय ते सर्वांना शिकवले. कल्याणच्या रेतीबंदराच्या तबेल्यांत खाडीचे पाणी चढले की म्हशी सोडून बाह्यवळण रस्त्यावर आणून बांधाव्या लागतात, आणि त्या पाण्यात काय काय मिसळते ते निराळे सांगायला नको. आता मात्र शहरी मुलांना आषाढात भातलावणीसाठी चिखलात उतरवण्याची हौस रूढ झाली आहे. आवणात अनवाणी उभ्या राहणाऱ्या मुलाच्या पायाला खरचटलेले असले तर लेप्टोस्पायरोसिसचा जंतू तेथूनच शरीरात शिरतो, आणि ताप बहुधा एक ते दोन आठवड्यांनी येतो, जेव्हा सहलीचे फोटोही विस्मरणात गेलेले असतात. म्हणून जखम असलेल्या मुलाला बांधावर बसवावे, इतरांना गमबूट द्यावेत, पाय बोअरच्या पाण्याने साबण लावून धुववावेत, जेवणाची पंगत गोठ्याच्या वाऱ्यावर न मांडता दूर मांडावी, पाच वर्षांखालच्या मुलामागे एक मोठे माणूस ठेवावे, दूध उकळूनच द्यावे. आणि महिनाभरात केव्हाही मुलाचे अंग तापले, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, हा अमुक दिवशी शेतावर गेला होता, असे आईने आपण होऊन सांगावे.